हिलाल अप्पांचा बिननावाचा चोर

हिलाल अप्पा बाहेर निघाले की त्यांच्या अंगणाच्या लोखंडी फाटकाची कडी तीनदा वाजायची. एकदा लावताना, एकदा ओढून बघताना आणि तिसऱ्यांदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आल्यावर. त्यांची आणि आमची भिंत एकच, त्यामुळे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता मी अप्पा कुठवर पोचले ते सांगू शकत असे. तिसरी कडी वाजायला उशीर झाला तर मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

म्हसावदला मी राहायला गेलो तो नोकरीमुळे. शहाद्याच्या एका कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवत होतो, आणि शहाद्यापेक्षा म्हसावदला घर बरं मिळालं. टेम्पोतून सामान उतरवत होतो, तेवढ्यात शेजारच्या फाटकातून एक उंच, वाळकुडा म्हातारा आला. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, खिशाला दोन पेनं. नाव नाही, गाव नाही, पहिला प्रश्न हा:

"बदली व्हयनी का पळी उनात?"

बदली झाली की पळून आलात, असं कुणी विचारेल हे ध्यानीमनी नसल्यानं मी हसलो. ते हसले नाहीत. "वळखपत्र शे का?" म्हणाले. मला राग आला, पण भाडेकरूनं पहिल्याच दिवशी भांडू नये म्हणून मी कॉलेजचं ओळखपत्र काढून दिलं. त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं, मग माझा उजवा हात धरून उलटा केला.

"मास्तर शेत," ते मागे वळून घराकडे बघत ओरडले. "खडूना बोटं शेत."

दारात त्यांची बायको उभी होती. सगळी गल्ली तिला जिजी म्हणायची. ठेंगणी, गोल चष्म्याची, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि हसताना तोंडावर पदर घ्यायची सवय. "सर, मनमा नका लेवा," ती म्हणाली. "त्यासनी मन्हंबी तपासेल शे. पन्नास वरीस व्हई गयात, आजून पास करं नहीं."

हिलाल हे नाव ऐकून बाहेरचा माणूस गोंधळतो. खानदेशात हिंदू घरांतही ते नाव असतं, तिथं कुणी गोंधळत नाही. अप्पा एसटीत आधी कंडक्टर होते, मग तिकीट तपासनीस. निवृत्त होऊन जमाना झाला तरी गाव त्यांना चेकर अप्पाच म्हणायचं. तिकिटांना भोक पाडायचा जुना चिमटा वर्षानुवर्षं दाबून उजव्या अंगठ्याच्या मुळाशी एक घट्टा झाला होता. चिमटा गेला, यंत्रं आली, पण घट्टा राहिला. विचारात पडले की अप्पा तो डाव्या हाताच्या बोटानं चोळत बसायचे. आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात नोकरीतलं ओळखपत्र असायचं, काळ्याभोर केसांच्या फोटोचं. ते कशाला जवळ ठेवता म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "दुसऱ्याले दखाड म्हननारानी आपलं तयार ठेवानं."

त्यांचा संशय सगळ्यांवर सारखा होता, हे मात्र कबूल केलं पाहिजे. दूधवाल्याच्या दुधात ते बोट बुडवून नखावरचा थेंब उन्हात धरायचे. माझ्या बायकोनं शेवभाजीची वाटी पाठवली, तर आधी वास, मग एक चमचा, मग पाच मिनिटं वाट बघून दुसरा. पावसाचा अंदाज सांगणाऱ्या बाईला टीव्हीवर "तू बाहीर जाईसन दखं का?" असं विचारायचे. मी रोज सकाळी नमस्कार करायचो, तर तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, "सर, तुम्हले काय काम शे का मन्हाकडे?" काही काम नाही म्हटल्यावर त्यांचा संशय वाढलाच.

मला त्यांची चीड यायची, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटायचा. मी पोरांना फळ्यावर आकृत्या काढून मन म्हणजे काय ते शिकवणार, आणि हा दहावी नापास माणूस ओट्यावर बसून गल्लीतल्या कुणाच्या घरात काल भांडण झालं ते त्यांच्या चालण्यावरून सांगणार. त्यांचं सांगणं चुकायचं नाही, हे आणखी वाईट.

"तुमनं पुस्तक काय म्हनस?" हा त्यांचा लाडका प्रश्न. मी काहीतरी सांगायचो. मग ते: "मानूस तोंडवरथीन वाचतस तुमना पुस्तकमा. तोंड खोटं बोलस सर. हातले खोटं बोलता येत नहीं. गाडीमा चढं, की मी तोंडकडे दखेच नहीं. ज्यानापान तिकीट नहीं, त्याना हातले काम सापडस नहीं. कधी खिसामा, कधी केसमा, कधी खिडकीना गजवर."

त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट त्यांनी स्वतः कधी सांगितली नाही. मला ती शहाद्याच्या बसस्थानकावर एका जुन्या ड्रायव्हरनं सांगितली. शहाद्याहून नंदुरबारला निघालेली गाडी, भर दुपार, उभं राहायला जागा नाही. अप्पा मध्येच चढले आणि तपासत मागे गेले. मागच्या दाराशी एक चाळिशीचा माणूस उभा होता. तिकीट होतं, प्रकाशाचं, म्हणजे तापीच्या पुलापर्यंतचं. सगळं बरोबर. अप्पांनी तिकीट परत दिलं, दोन पावलं गेले, मागे वळले आणि त्याच्यावर एकदम भडकले. तिकीट जुनं आहे, खोटं आहे, चल खाली. ड्रायव्हर म्हणाला, आम्ही सगळे चकित, कारण तिकीट चांगलं कोरं होतं. अप्पांनी त्याला वाटेतच उतरवलं, समोरून येणाऱ्या गाडीत बसवून शहाद्याला परत आणलं, आणि दंडाचा कागद लिहायचा आहे म्हणून तीन तास बाकावर बसवून ठेवलं. चहा पाजला, भजी खायला घातली, कागद काही लिहिला नाही. शेवटी त्याच्याकडूनच गावाचं नाव काढून त्याच्या भावाला बोलावून घेतलं. भाऊ आला तेव्हा तो माणूस भावाच्या गळ्यात पडून पोटभर रडला. पुलावर तो कशाला उतरणार होता, ते तेव्हा सगळ्यांना कळलं.

मी अप्पांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ते घट्टा चोळत बसले.

"गाडीमा मानसाना हातमा काही तरी ऱ्हास, सर. पिशवी ऱ्हास, पोर ऱ्हास, काहीच नहीं तं वरनी दांडी. त्याना हात मोकळा व्हतात. गाडी इतली हाली ऱ्हायनी, आनि त्यानी दांडीबी धरेल नव्हती."

त्या दिवशी मी पहिल्यांदा वर्गात पुस्तक न उघडता शिकवलं. अर्थात अप्पांचं नाव न सांगता. तेवढा कोतेपणा माझ्यात होता.

मग दोनेक वर्षांनी अप्पांच्या घरातून वस्तू नाहीशा व्हायला लागल्या.

सुरुवात किल्लीपासून झाली. अप्पा भर सकाळी अंगणात उभे राहून ओरडत होते, "कोनी तरी उचली लई गयं! आठेच व्हती!" आम्ही धावलो. किल्ली संध्याकाळी पिठाच्या डब्यात सापडली. चोरानं घाबरून लपवली असणार, असं अप्पांनी जाहीर केलं. पुढच्या आठवड्यात त्यांचा चष्मा गेला, तो फ्रीजमध्ये मिळाला. मग देवघरातली समई पाण्याच्या टाकीवर. प्रत्येक वेळी अप्पा गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात चोराच्या नावानं बोटं मोडायचे. जिजी दारात उभी राहून कावरीबावरी होऊन बघायची, आणि मग आम्हा सगळ्यांकडे बघून नेहमीसारखी पदर तोंडाला लावून हसायची.

अप्पांनी बंदोबस्त सुरू केला. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या: हळद, मीठ, तूरडाळ. का, तर चोरानं डबे फिरवले तर लगेच कळावं. न्हाणीघराच्या दारावर "न्हाणी" लिहिलं. गॅसच्या बटणाखाली "बंद" आणि बाण. माझी बायको म्हणाली, "अहो, चोर गॅस कशाला चालू ठेवेल?" मी तिला संशयाच्या विकारावर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. माणसाला उतारवयात असं होतं, आधी वस्तू हरवतात, मग चोर दिसायला लागतो, मग चोर जवळचा होत जातो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जवळचा कोण? आजपर्यंत त्यांनी एकाचं तरी नाव घेतलंय?" मी म्हटलं, घेतील. माझी तशी खात्रीच होती.

याच काळात प्रमोदचा फोन आला. प्रमोद हा अप्पांचा एकुलता एक मुलगा, सुरतला कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर. आईबापांना सुरतला नेऊन इथलं घर भाड्यानं द्यायचं त्याच्या मनात बरेच दिवस होतं. जिजी एकदा महिनाभर तिथं राहून आली होती. "लिफ्टमा उभी ऱ्हास आनि कोनता माळावर उतरानं तेच इसरी जास," हे ती स्वतः हसत हसत सांगायची. तिला तिथं करमलं नाही. तिची चूल, तिचा मसाला, गल्लीतल्या बायकांचं "जिजी, मिरची किती आनि धने किती?" हे सगळं इथं होतं. तिनं ते घर सोडायचं की नाही, एवढाच त्या घरापुढचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर प्रमोदनं माझ्यावर टाकलं.

"सर, तुम्हीन डोकाना मास्तर शेत," तो म्हणाला. "अप्पानं काय चाली ऱ्हायनं ते नीट दखा आनि सांगा. जास्त व्हई तं दिवाळीले दोन्हीसले लई जास."

मी नीट बघितलं, म्हणजे ओट्यावर बसून वहीत टिपणं काढली. शेजाऱ्याच्या नकळत शेजाऱ्याचे आजार वहीत लिहायला मी कोण होतो, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पंधरा दिवसांनी मी प्रमोदला सांगितलं की अप्पांना संशयाचा आजार लागला आहे, वाढत जाईल, एकटं ठेवणं बरं नाही. सांगताना आवाजात डॉक्टरी गांभीर्य आणलं होतं. फोन ठेवल्यावर मला चक्क बरं वाटलं. इतक्या वर्षांनी अप्पांचं तिकीट मी तपासलं होतं.

अप्पांना याचा वास लागला असावा. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "सर, तुमना हातमा आजकाल वही दिसस. कोनं तिकीट फाडी ऱ्हायनात?"

मग श्रावण आला आणि कानबाई आली.

ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते, आणि तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू मोजले जातात. प्रत्येक कुळाची रीत वेगळी, पण अप्पांच्या भाऊबंदांत घरातली थोरली बाई एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू सुपात टाकते. म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत. कुणाचं नाव राहिलं, तर त्या माणसाचं वर्ष वाईट जातं म्हणतात. नाव राहू नये म्हणून हे काम कुणाच्याही हाती देत नाहीत. जिजी ते तीसेक वर्षं करत होती, कागदाशिवाय.

मी तिथं होतो कारण दाराला तोरण बांधायला अप्पांना उंच माणूस हवा होता, आणि त्यांना स्वतःला जिजी शिडीवर चढू देत नव्हती. मी स्टुलावर, अप्पा खाली माझ्या बांधण्यावर लक्ष ठेवून. आत ओसरीत भाऊबंदांच्या सात-आठ बायका बसल्या होत्या. जिजीनं गव्हाच्या टोपल्यात हात घातला. पहिली मूठ नाव न घेताच सुपात गेली, नुसती लाजून. ती अप्पांची.

"वामन," जिजी म्हणाली. वामन म्हणजे अप्पांचा धाकटा भाऊ. "वामनना भटू. भटूना दोन्ही पोरे." मूठ, आणि वर चिमूट. मूठ, आणि वर चिमूट. नावं एका लयीत पडत होती. चुलत दीर झाले, त्यांची मुलं झाली, गेल्या महिन्यात जन्मलेलं, अजून बारसंही न झालेलं पोर झालं. जिजीनं हात झटकले.

"व्हयनं," ती म्हणाली.

प्रमोदचं नाव आलं नव्हतं.

मी स्टुलावर होतो, मला सगळी नावं स्पष्ट ऐकू आली होती. वामनच्या बायकोलाही ते कळलं असावं, कारण तिनं मान वर केली आणि "जिजी," म्हणून तोंड उघडलं. पुढचा शब्द तिच्या तोंडातून बाहेर पडायच्या आत अप्पा कडाडले.

"थांबा! कोनी हात नका लावा! गहूमा काही तरी मिसळेल शे!"

बायका दचकल्या. अप्पा उंबऱ्यापर्यंत गेले, वाकून सुपातले दाणे बोटांनी पसरले, एक दाणा उचलून उजेडात धरला. "हाई दखा. हाई आपला गहू नहीं. कोनी तरी बदली टाकं. बठ्ठं सूप रिकामं करा, पयलेथीन मोजा." कुणीतरी म्हणालं, अप्पा, सणाच्या दिवशी तरी. अप्पांनी ऐकलं नाही. "मी उभा ऱ्हास आठे. मी नाव पुकारस, तुम्हीन मूठ टाका. तपासनी शे."

आणि त्यांनी खरोखरच नावं पुकारली. गाडीत थांबे पुकारावेत तशी, खणखणीत. "प्रमोद!" हे पहिलं. जिजी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा उजळला, तिनं मूठ भरली, सव्वा मूठ नाही, चांगली दीड मूठ भरली आणि सुपात सोडली. "मन्हा प्रमोद," ती बायकांना म्हणाली. सगळी नावं पुन्हा झाली. बायका एकमेकींकडे बघून कपाळाला बोट लावत होत्या. अप्पांचं फिरलंय, पार फिरलंय. वामनची बायकोही त्या गडबडीत आपला संशय विसरली.

मी तोरणाची गाठ हातात धरून तसाच उभा होतो. अप्पांचा चेहरा तापलेला होता, आवाज चढलेला होता, डोळे मोठे झालेले होते. पण हात. पाठीमागे बांधलेले त्यांचे हात मला वरून दिसत होते, आणि डाव्या हाताचं बोट उजव्या अंगठ्याचा घट्टा सारखं चोळत होतं.

मला तेव्हा बायकोचं बोलणं आठवलं. जन्मभर विनातिकीट माणसं पकडलेल्या या गृहस्थानं इतक्या महिन्यांत एकाही चोराचं नाव घेतलं नव्हतं. दूधवाला नाही, भांडीवाली नाही, मी नाही. ज्याला खरंच चोर दिसतो, तो आधी नाव घेतो. डब्यांवरच्या चिठ्ठ्या चोरासाठी नव्हत्या. "बंद"खालचा बाण चोरासाठी नव्हता. हे मला, मानसशास्त्राच्या मास्तराला, स्टुलावर चढल्याशिवाय दिसलं नाही. मला माझीच लाज वाटली.

दुपारी बायका गेल्यावर मी ओट्यावर अप्पांशेजारी बसलो. त्यांनीच सुरुवात केली.

"वही नहीं आज?"

"फाडून टाकली."

आत जिजी कानबाईच्या नारळाला नथ घालत काहीतरी गुणगुणत होती.

"चोर घरमाच शे, सर," अप्पा हळू आवाजात म्हणाले. "तिले माहीत नहीं, की ती चोरी करी ऱ्हायनी."

मग म्हणाले, "लोके माले येडा म्हनतस, म्हनू द्या. मन्हं काय जास? पन तिले येडी म्हनाले लागतीन तं तिना हातमाईन चाबी जाई, चुल्हा जाई, कानबाई जाई. मंग तिनापान काय ऱ्हाई? पाटीलगल्लीनी ती म्हतारी तुम्हीन दखी शे ना? डोकं गयं तवय तिना पोऱ्यानी खोलीले बाहीरथीन कडी लाई दिनी. तीन वरीस. मी ती कडी दखेल शे, सर."

आता त्यांच्या फाटकाची तिसरी कडी कशासाठी वाजायची, ते मला कळलं. बाहेर जाताना जिजी आत असली तर फाटक लावून घ्यावं, म्हणजे ती रस्त्यावर जाणार नाही. आणि परत येऊन बघावं, की आपण तिला कोंडलं तर नाही. ही कडी आतूनही उघडते याची खात्री करायला ते परत यायचे. आधी मला तो त्यांचा स्वभाव वाटायचा. तो स्वभावच होता, पण या वर्षात त्याला काम मिळालं होतं.

मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवू या. नंदुरबारला चांगले आहेत. अप्पांनी मान हलवली. डॉक्टर लिहून देतील, लिहिलेलं प्रमोद वाचेल, प्रमोद टेम्पो आणेल. त्यांचा कुणावर विश्वास नव्हता, मुलावर तर नाहीच. मी खूप पुस्तकी बोललो, त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. शेवटी मला रागच आला.

"पुलावर उतरणाऱ्या त्या माणसाला तुम्ही एकट्यानं वाचवलंत का?" मी म्हटलं. "तीन तास बसवून ठेवलंत आणि भावाला बोलावलंत. का बोलावलंत?"

अप्पा अंगठ्याचा घट्टा चोळत राहिले. मग म्हणाले, "मी तं चेकर व्हतू. त्याले घर लई जावाले कोनी तरी पाहिजे व्हतं."

पण त्यांना तयार व्हायला दसरा उजाडला. तेही एका अटीवर. केसपेपर त्यांच्या नावानं काढायचा. पेशंट अप्पा, जिजी नुसती सोबत.

आम्ही तिघं नंदुरबारला गेलो तेव्हा गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लागल्या होत्या, लालभडक, रिक्षात बसूनही ठसका लागेल अशा. जिजी शिंकत शिंकत हसत होती. रिक्षा थांबवायला लावून तिनं पथारीवरच्या बाईकडून एक मिरची मागून घेतली, बोटांत चुरगळली, वास घेतला. "ओली शे आजून. चार दिन ऊन दे," तिनं त्या बाईला बजावलं. मिरचीचं तिला सगळं आठवत होतं.

डॉक्टर समजूतदार होते. अप्पा खुर्चीत बसून म्हणाले, "पेशंट मी शे. पन सवाल तिले इचारा, माले कमी ऐकू येस." डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि जिजीशी गप्पा मारायला लागले. आज वार कोणता? जिजीनं पदर तोंडाला लावला. "डॉक्टरसाहेब, तुमना मांगे कॅलेंडर शे, तठे दखी ल्या ना," ती म्हणाली. डॉक्टर मोठ्यानं हसले. मीही हसलो. अप्पा हसले नाहीत. ते तिच्या हातांकडे बघत होते. ती किल्ल्यांच्या जुडग्यातली एकेक किल्ली चाचपत होती, वाराचं नाव तिथं कुठं सापडेल असं समजून.

निदान जे व्हायचं तेच झालं. पण शेवटी डॉक्टर जे बोलले, ते अप्पांच्या कुठल्याच संशयात बसणारं नव्हतं. घर बदलू नका, म्हणाले. ओळखीची जागा, ओळखीची माणसं, हाताला ओळखीचं काम. किल्ल्या काढून घेऊ नका, दुसऱ्या करून ठेवा. अप्पांनी ते मला कागदावर लिहून घ्यायला सांगितलं, खाली डॉक्टरांची सही घेतली आणि सही खरी आहे का ते बोट फिरवून बघितलं.

दिवाळीला प्रमोद आला. अप्पांनी त्याला फाटकातच थांबवून सगळं सांगितलं. मी माझ्या ओट्यावर होतो. आत जायला हवं होतं, गेलो नाही. प्रमोद तसाच फाटकाच्या पायरीवर बसला.

"माले काबर नहीं सांगं, अप्पा?"

"तुन्हावर संशय व्हता," अप्पा म्हणाले. सरळ, डोळ्यांत बघून.

पस्तिशीचा तो माणूस तोंड झाकून रडला. कागद त्यानं वाचलाच नाही. त्या रात्रीच्या फराळाला जिजीनं त्याला तीनदा लाडू वाढला आणि तिन्ही वेळा त्यानं खाल्ला. घर बंद झालं नाही. दर पंधरवड्याला तो सुरतहून यायला लागला, आणि कामाला एक बाई ठेवली. अप्पांचा संशय मी इतकी वर्षं पाहिला, तो सपशेल चुकलेला एवढा एकदाच. माझा किती वेळा चुकला ते मोजत नाही.

गेल्या फाल्गुनात माझी नंदुरबारला बदली झाली. टेम्पो भरून झाला होता, निरोप आदल्या दिवशीच घेतला होता. मी दोरी आवळत होतो, तेवढ्यात अप्पा दुधाचं भांडं घेऊन गल्लीतून येताना दिसले. फाटक आतून लावलेलं होतं आणि फाटकाशी जिजी उभी होती. चष्मा नीट, केस विंचरलेले, कमरेला किल्ल्या.

"कोन शेत तुम्हीन?" तिनं विचारलं.

"हिलाल पाटील. आठेच ऱ्हास."

जिजीनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत निरखलं. तिचा विश्वास बसला नव्हता.

"दखाडा," ती म्हणाली.

हे रोजचं असावं, कारण अप्पांचा हात आधीच खिशात गेला होता. त्यांनी ओळखपत्र काढून गजांतून आत दिलं. जिजीनं फोटो बघितला, त्यांना बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

"हाऊ तरना शे," ती म्हणाली. "तुम्हीन तं म्हतारा शेत."

"व्हय," अप्पा म्हणाले. "व्हई गऊ म्हतारा."

त्यांनी दुधाचं भांडं डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात गजांतून पुढे केला, तळवा वर करून. जिजीनं तो दोन्ही हातांत धरला. अंगठ्याच्या मुळाशी बोट नेलं, घट्टा दाबून बघितला, एकदा, पुन्हा एकदा. आणि कडी काढली.

"या," ती म्हणाली. "च्या मांडस."

अप्पा आत गेले. फाटकाची कडी वाजली. टेम्पोवाला घाई करत होता, तरी मी थोडा वेळ तिथंच उभा राहिलो. कडी पुन्हा वाजली नाही.